चोवीस फुटांचं बिऱ्हाड

सकाळचे सात वाजलेले. आमटीला फोडणी बसली, हिंगाचा घमघमाट सुटला आणि दोनच मिनिटांत शेजारचे गृहस्थ पायजम्यावरच, बगलेत कुत्रं घेऊन धावत आले. "तुमच्याकडे गॅस गळतोय, आधी तो बंद करा!"

हा आमच्या चाकांवरच्या घराचा मुक्काम, अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या डेमिंग गावाजवळचं रॉकहाउंड स्टेट पार्क. इथले दगड माणशी १५ पौंडांपर्यंत घरी न्यायची रीतसर मुभा आहे, त्यामुळे उतरलेली निम्मी मंडळी हातोड्या घेऊन डोंगरात आणि उरलेली निम्मी आणलेले दगड धूत बसलेली. दगडांना पाणी मिळतं, आम्हाला आंघोळीला जपून. असो.

तर त्या गृहस्थांचं काही चुकलं नव्हतं. इथल्या शेगडीचा गॅस म्हणजे प्रोपेन, त्याला स्वतःचा असा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन नावाचं गंधकयुक्त रसायन घालतात. आणि आपल्या हिंगाचा दर्प, तोही गंधकाच्या संयुगांचाच. मी हिंगाची डबी उघडून त्यांच्या नाकाशी धरली. ते दोन पावलं मागे सरकले, कुत्रं चार. "हे तुम्ही खाता?" त्यांनी विचारलं. दुपारी वाटीभर आमटी पाठवली तर वाटीत जास्परचे दोन चकचकीत दगड परत आले. रिकामी वाटी परत करू नये हे त्यांना कुणी शिकवलं असेल?

फोडणी बाहेर बाकावर करायची, हा आमच्या घराचा पहिला नियम. आत केली की वास गाद्यांत आठवडाभर राहतो. शिवाय धुराचा अलार्म आणि गॅसचा डिटेक्टर मिळून असा गळा काढतात की बोलायची सोय नाही. हा डिटेक्टर जमिनीलगत बसवतात, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. पहिल्या महिन्यात माझ्या पायाचा अंगठा त्याच्यावर किती वेळा आपटला त्याची गणती नाही.

घर म्हणजे २४ फुटांची सेकंडहँड आरव्ही. इथं या जातीला क्लास सी म्हणतात. ट्रकचं तोंड, मागे जोडलेली खोली आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर माळा. माळ्यावर खरं तर दोघांनी झोपायचं असतं. आमच्याकडे तिथं पिठाचे डबे, दोन गोधड्या आणि नवऱ्याची हत्यारं झोपतात. ओहायोतलं घर २०२२ मध्ये विकलं, मुलं आपापल्या गावी, आणि आम्ही दोघं रस्त्यावर. मिरजेच्या थोरल्या मावशीला फोनवर सांगितलं तेव्हा ती आधी गप्पच झाली. मग म्हणाली, "म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. पण मी राखी-भाऊबीजेचं पत्र पाठवू कुठं?"

प्रश्न बिनतोड होता. बिनघरच्या माणसालाही लायसन्सला आणि विम्याला पत्ता लागतोच. आमच्यासारखे बरेच जण साउथ डकोटा गाठतात. तिथं टपाल स्वीकारणाऱ्या एजन्सीचा पत्ता घ्यायचा, राज्यात एक रात्र राहिल्याची पावती दाखवायची आणि लायसन्स काढायचं. राज्याचा आयकरही नाही. त्या एका रात्रीच्या जोरावर आम्ही डकोटाकर झालो. मावशीची पाकिटं आधी तिकडे जातात, मग आमच्यामागे हिंडत कुठल्या तरी गावच्या पोस्टात आम्हाला गाठतात. गेल्या भाऊबीजेचं पाकीट संक्रांतीला मिळालं.

रोजचं म्हणाल तर सगळं पाण्याभोवती फिरतं. स्वच्छ पाण्याची टाकी ४० गॅलनांची, म्हणजे दीडशे लिटर. भांड्यांचं आणि आंघोळीचं सांडपाणी करड्या टाकीत, संडासाचं काळ्या टाकीत. डंप स्टेशनवर, म्हणजे सांडपाणी सोडायच्या जागी, जाड पाइप जोडून आधी काळी टाकी सोडायची आणि मग करडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुऊन निघतो. हा क्रम नवऱ्याने एकदाच उलटा केला. एकदाच. मुक्कामी पोचलं की चाकांखाली प्लास्टिकचे ठोकळे सरकवून गाडी समतल करायची. आमचा फ्रिज गॅसवर चालतो, तो तिरका उभा राहिला तर गार होत नाही आणि बिघडतोही. यासाठी बाजारात यंत्रं मिळतात. मी ओट्यावर वाटीभर पाणी ठेवते आणि खिडकीतून ओरडते, "अजून उजवीकडे!"

डेमिंगहून आम्ही पश्चिमेला निघालो, इंटरस्टेट १० धरून. लॉर्ड्सबर्गच्या पुढे कोरड्या तळ्याचा सपाट पट्टा लागतो. तिथं धुळीच्या वादळाचा इशारा देणाऱ्या पाट्या आहेत. वादळ आलं तर रस्ता सोडून थांबायचं, दिवे बंद करायचे, ब्रेकवरचा पाय काढायचा. दिवे बंद का, तर मागचा तुमचे लाल दिवे पाहून तुम्ही रस्त्यावरच आहात असं समजतो आणि येऊन धडकतो. वाचूनच माझ्या घशाला कोरड पडली. वादळ काही आलं नाही.

जायचं होतं ॲरिझोनातल्या फिनिक्सच्या एका उपनगरात, काकूकडे. काकू म्हणजे माझी सांगलीच्या वसतिगृहातली रूममेट. एकोणिसाव्या वर्षी अंबाडा घालून हिशेबाची वही लिहायची, म्हणून काकू. आता त्रेसष्टाव्या वर्षीही काकूच. अमेरिकेत दोघींना पस्तीस वर्षं झाली, आणि त्यात भेटी किती? बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनांत दोनदा, श्रीखंडाच्या रांगेत. तिचा नवरा २०२१ मध्ये गेला. तेव्हा विमानं, लसी, सगळाच घोळ होता. मी गेले नाही. खरं सांगायचं तर नंतर सगळं सुरळीत झालं तेव्हाही गेले नाही.

तिने पाहुण्यांची खोली लावून ठेवली होती. नवे टॉवेल, नव्या सपाता, उशाशी पाण्याचा तांब्या. आम्ही म्हटलं, आम्ही आमच्याच घरात झोपू, तुझ्या ड्राइव्हवेवर. तिला ते थोडं लागलं. "मग येताय कशाला?" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला आरव्हीचं दार वाजलं. काकू. अंगात स्वेटर, हातात स्वतःचा रिकामा कप. "चहा आहे का गं?" थेट हॉस्टेलमधल्यासारखं. आमचं जेवणाचं टेबल एवढंसं की समोरासमोर बसलं तर गुडघ्याला गुडघा लागतो. नवरा पडद्याआड झोपलेला. तिने चहाचा एक घोट घेतला आणि म्हणाली, "त्या घरात माझ्याच्यानं बोलवत नाही. कुणी आलं आणि बोलायला बसलं की तो बसायचा त्या खुर्चीकडे लक्ष जातं. समोरच्या माणसाचंही जातं. मग तो विषय बदलतो."

मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "ग्रुपवर तुझी श्रद्धांजली छपन्नावी होती. मोजल्या मी त्या रात्री. दुसरं करायला होतं काय?"

'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि जोडलेले हात. तेवढंच पाठवलं होतं मी. मी उठून आधीच स्वच्छ असलेला ओटा पुसला. तेवढ्यात काहीतरी करायचं म्हणून विजेची किटली लावली. हीटर आधीच चालू होता. ताडकन सगळं बंद. आमची वायर तिच्या गॅरेजमधल्या साध्या १५ अँपियरच्या सॉकेटला होती, तिथं दोन्ही झेपणार कसं? त्याच लाइनवर तिचा फ्रीझर होता, आत ओलं खोबरं आणि वर्षभराचा आमरस. काकू चप्पल सरकवून गॅरेजमध्ये गेली. अंधारात चाचपडणं नाही, टॉर्च नाही. कपाटामागचं पॅनेल उघडून वरून चौथी कळ आधी पूर्ण खाली, मग वर. दिवे आले. "हे पॅनेल आपल्या घरात आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं," ती म्हणाली, "तो होता तोवर."

पुढचे दोन दिवस पावणेसहाचा चहा ठरलेला. ती आम्हाला घरात जेवायला बोलवायची, आम्ही जायचो, तिथं हवापाण्याच्या गप्पा. खरं बोलणं ड्राइव्हवेवरच्या डब्यात. पाहुणे म्हणून राहिलो असतो तर ती पावणेसहाला आमची झोपमोड करणार नाही आणि मी तिच्या स्वयंपाकघरात आवाज न करता ताटकळत बसणार. शेजारी असलं की दार वाजवता येतं. हे सुख वाड्यात होतं. अमेरिकेत येऊन मी विसरून गेले होते.

तिसऱ्या दिवशी दाराला कागद चिकटवलेला. तिथल्या घरमालकांच्या संघटनेचा. आपल्या सोसायटीसारखीच भानगड, फक्त इंग्रजी जास्त गोड. घरासमोर आरव्ही सामान चढवण्या-उतरवण्यापुरती, ४८ तास चालेल, पुढे दंड. एवढ्या शांत गल्लीत आमच्या डब्याने कुणाचं काय घोडं मारलं होतं कोण जाणे. मी फोन करून भांडायच्या बेतात होते. काकूने कागद वाचला, चष्मा काढला. "मग मीच येते तुमच्याबरोबर. माझ्यावर कुठं कागद चिकटवणार?"

तिने दोन जोड कपडे घेतले, औषधाची डबी आणि तांब्या.

फिनिक्सहून सव्वाशे मैलांवर क्वार्ट्झसाइट. गावची वस्ती २०२० च्या जनगणनेत अडीच हजारांच्याही आत, पण हिवाळ्यात थंडीला पळून आलेल्या लोकांच्या हजारो आरव्ही भोवतालच्या वाळवंटात पसरतात. बरीचशी जमीन केंद्र सरकारची. ला पोसा नावाच्या पट्ट्यात १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा हंगाम असतो. आम्ही २०२४ च्या मार्चमध्ये गेलो तेव्हा हंगामाचा परवाना १८० डॉलर आणि चौदा दिवसांचा ४०. नळ, वीज, आखलेली जागा यातलं तुमच्या दारी काही नाही, पाणी आणि डंप स्टेशन मात्र त्यातच. कुणापासून किती लांब उभं राहायचं ते आपणच ठरवायचं. याला इथं बूनडॉकिंग म्हणतात. मूळ शब्द तागालोग भाषेतला बुंडोक, म्हणजे डोंगर. अमेरिकी सैनिकांनी तो फिलिपिन्सहून आणला.

गावच्या स्मशानात एक दगडी पिरॅमिड आहे, टोकाला तांब्याचा उंट. खाली हाय जॉली. काकूने पाटी वाचली आणि हसायलाच लागली. हा हाजी अली. १८५६ मध्ये अमेरिकी सैन्याने वाळवंटात सामान वाहायला उंट आणून पाहिले, त्यांच्याबरोबर आलेला हा उंटवाला. उंटांचा प्रयोग बारगळला, माणूस इथंच राहिला आणि १९०२ मध्ये इथंच गेला. नाव कुणाला उच्चारता येईना म्हणून हाय जॉली. माझ्या नावाचं ऑफिसात तीस वर्षं जे झालं ते आठवून मी त्याला मनातल्या मनात नमस्कार केला. नवरा म्हणाला, "हाजी अली आहे तर सीताफळ क्रीमही असायला हवं."

ते नव्हतं, पण संध्याकाळी लॉस एंजेलिसहून सेक्रेटरी आला. आमच्या वर्गातला, मेसचा माजी सेक्रेटरी, एके काळी वरणातलं पाणी याच्या कृपेने वाढायचं. काकूने कळवल्यावर चार तास गाडी मारून आला. बरोबर तंबू आणि आर्टेशियाच्या पायोनियर बुलेवार्डवरून आणलेली दोन किलो भाकरवडी. काकूच्या नवऱ्याबद्दल बोलायचं की नाही, या विचाराने तो पहिला तासभर नुसता तंबूचे खुंटे ठोकत होता. काकूनेच विचारलं, "तुझी श्रद्धांजली कितवी होती, सांगू?" त्याच्या हातातला दगड खाली पडला. मग तो जे बोलायला लागला ते जेवण होईपर्यंत थांबला नाही. कॉलेजमध्ये काकूच्या नवऱ्याने याला ड्रॉइंगच्या शीटा कशा कॉपी करू दिल्या, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

पाण्याचं मात्र काकूने आम्हाला शिकवलं. चौघांत दीडशे लिटर किती दिवस पुरणार, म्हणून मी दोन मिनिटांच्या शॉवरचा नियम सांगायला गेले. ती म्हणाली, "मार्च उजाडला की हॉस्टेलला पाणी किती वेळ यायचं, आठवतं का?" अर्ध्या बादलीत तिची आंघोळ, वर केस धुऊन तांब्याभर पाणी उरलं. ते तिने भांड्यांना दिलं. आम्ही दोन वर्षं शॉवरच्या नावाने जी काटकसर करत होतो ती तिच्यापुढे उधळपट्टी ठरली.

तिसऱ्या रात्री ती बॅगेतून एक छोटा टॉर्च घेऊन बाहेर आली. अतिनील प्रकाशाचा. फिनिक्सच्या बाजूला अनेक घरांत असतो, कारण त्या प्रकाशात विंचू हिरवट निळा चमकतो. "झोपण्याआधी भिंतीवरून फिरवायचा. हेही मी दोन वर्षांत शिकले." सेक्रेटरी तंबूत झोपणार होता, त्याने लगेच पाय वर घेतले. आम्ही तिघं रांगेने तिच्यामागे, तिच्या पावलावर पाऊल टाकत. दगड, काटेरी झुडूप, दगड. आणि एका फटीच्या तोंडाशी तो. बोटाएवढा, घड्याळातल्या रेडियमच्या काट्यासारखा चमकणारा. नांगी वळवलेली, जागेवर ढिम्म.

मी मावशीची म्हण सांगितली. काकू खाली वाकली, टॉर्च जवळ नेऊन त्याची पाठ नीट न्याहाळली.

"ह्याच्या पाठीवर तर काहीच नाही गं," ती म्हणाली. "बिऱ्हाड कुठं पार्क केलंय ह्यानं?"