अमन लॉजच्या खालची लाइन अजून बंद

बागेतल्या माझ्या छोट्या माथेरान रेल्वेची पहिली गाडी दसऱ्याला नेरळहून वर सोडायची, असं मे महिन्यातच घरात सांगून बसलो होतो. दसरा होऊन गेला. आज सकाळपर्यंतची परिस्थिती अशी: व्हरांड्यातली शटल (माथेरान ते त्याआधीचं स्टेशन अमन लॉज) व्यवस्थित चालू, खालचा घाट बंद.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. बागेत माथेरानची लाइन उभी करतोय. खऱ्या लाइनचा गेज (दोन रुळांमधलं अंतर) दोन फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर. १:१९ प्रमाण धरलं की तो बरोबर ३२ मिलिमीटरवर येतो आणि या गेजचे रूळ तयार मिळतात. कोथरूडला भाऊ जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात जाऊन आलेला प्रत्येक पाहुणा विचारतो, 'एचओ का नाही केलं?' एचओ या मॉडेलच्या मापात, म्हणजे १:८७ ला, दोन फुटी लाइनचा गेज सात मिलिमीटर होतो. एवढ्याशा रुळावर आंब्याचं एक पान पडलं तर दरड कोसळल्यासारखी वाहतूक ठप्प.

गेटजवळ नेरळ, दोन मीटर सपाट. तिथून आंब्याला वळसा घालून ११ मीटरचा चढ, आणि मग व्हरांड्यावर अमन लॉज ते माथेरान. आमच्या बंगल्याचं जोतं गेटच्या जमिनीपासून ५५ सेंटिमीटर उंच. ११ मीटरमध्ये ५५ सेंटिमीटर म्हणजे २० ला १. १९०७ साली सुरू झालेल्या मूळ लाइनचा कमाल चढही तेवढाच. हा योगायोग सापडला त्या रात्री मला झोप लागली नाही. त्याची किंमत अजून मोजतोय.

चढाचा हिशोब आधी. बॅटरीवरचं इंजिन १.८ किलोचं. चाकांची पकड वजनाच्या साधारण चौथा हिस्सा धरली तर ओढ ४५० ग्रॅम. त्यातले ९० ग्रॅम इंजिन स्वतःलाच वर न्यायला खातं, उरले ३६०. डबा १.२ किलोचा. प्रत्येक डब्यामागे चढाचे ६० ग्रॅम, वर घर्षणाचे माझ्या वजनकाट्यावर भरलेले ३६, म्हणजे ९६. तीन डब्यांचे २८८, जमतं. चौथा जोडला की ३८४, आणि इंजिन जागच्या जागी चाकं फिरवत बसतं. एप्रिलमधल्या चाचणीत अगदी तसंच झालं. बॉयलरच्या पोकळीत गळाला लावतात ते शिसं ४०० ग्रॅम भरलं, तेव्हा चारही डबे चढले. मोटर मात्र हाताला चांगलीच गरम लागते, त्यामुळे नेहमीची गाडी तीन डब्यांचीच.

मे महिन्यात रूळ नागमोडी झाले, तो माझाच गाढवपणा. जानेवारीच्या थंडीत सांधे फट न ठेवता घट्ट बसवले होते. पितळी रूळ १३ मीटर, दुपारच्या उन्हात ४० अंशांचा फरक पडला की सेंटिमीटरभर वाढणारच. आता मीटरमागे एक मिलिमीटर फट ठेवलीय. गाडी सांध्यावरून जाताना खडखड वाजते, ती उलट आवडायला लागलीय.

खरं दुखणं रुळाच्या खाली होतं. चढ विटांच्या खांबांवर उभा आहे, दर दोन फुटांवर एक. पाया चार इंच खोल, थेट काळ्या मातीत. गवंडीकाका म्हणाले होते, 'साहेब, मुरूम टाका.' मी म्हणालो, खेळण्यातली गाडी आहे, पूल थोडाच बांधायचाय?

७ जूनला लेव्हल पाइप (उंची जुळवायची पाणी भरलेली नळी) लावून सगळ्या खांबांची उंची वहीत लिहिली. १४ ऑगस्टला पुन्हा मोजली. काळी माती भिजली की फुगते हे शाळेपासून ठाऊक आहे, तेव्हा सगळे खांब सारखे वर आले असतील अशी माझी समजूत. सारखे आले असते तर बिघडलंही नसतं. गच्चीच्या पाण्याचा पाइप जिथे उतरतो तिथला खांब नऊ मिलिमीटर वर आलेला आणि शिवाय तिरका. आंब्याखालचे तीन जवळजवळ होते तिथेच, कारण पानांमुळे तिथे पाऊस कमी पोचतो आणि मुळं पाणी ओढून घेतात. दोन फुटांत नऊ मिलिमीटर म्हणजे चढ २० ला १ चा एकदम १५ ला १ झाला. तिथे चाचणीला तीन डबेही चढेनात. मी मात्र महिनाभर बॅटरीला दोष देत होतो.

आणखी एक नुकसान. शेवटच्या दोन मीटरचे स्लीपर (रुळांखालच्या आडव्या लाकडी पट्ट्या) हौसेने पाइनचे कापले होते. वाळवीने आतून पोखरून नुसती सालं ठेवली. आता सागाचे, तेही गाभ्याच्या लाकडाचे, सुताराकडच्या तुकड्यांतून.

गणपती उठल्यावर खोदकाम काढलं. चढाच्या रेषेत फूटभर खोल, नऊ इंच रुंद चर. काळी माती काढून कुंड्यांना दिली. चार-चार इंचांचे मुरमाचे थर, प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसाने ठोकला, वर दोन इंच काँक्रीटची पट्टी. पाण्याचा पाइप वळवून कंपाउंडच्या कडेने नेला. हे काम सगळ्यात आधी करायला हवं होतं. मुरमाचा तांबूस रंग माथेरानच्या लाल मातीच्या जवळ जातो. रंगाचे दोन डबे वाचले. आईची एकच अट आहे, तुळशीवृंदावनापासून हातभर लांब. तिथे लाइन थोडी वाकवली.

पावसात खाली सगळं बंद असताना वर शटल रोज धावली. खरी लाइनही पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज बंद असते आणि वर शटल चालते, त्यामुळे भाच्यासमोर अब्रू राहिली. २००५ च्या पावसात खरी लाइन वाहून गेली, ती २००७ मध्ये पुन्हा सुरू झाली, हेही त्याला सांगून ठेवलंय. तो म्हणाला, 'मामा, म्हणजे तुला दोन वर्षं लागणार?'

काल संध्याकाळपर्यंत ११ पैकी सात मीटर पट्टी झाली. पाइपजवळचा नवा खांब आठ दिवसांत अर्धा मिलिमीटरही हललेला नाही, पण माती अजून सुकायचीय. मार्चमध्ये ती आकसेल तेव्हा पुन्हा लेव्हल पाइप लावून मोजणार. उरलेल्या चार मीटरला अजून मुरूम लागेल. गवंडीकाकांना रविवारी बोलावलंय. आल्या आल्या ते काय म्हणणार, ते मला माहीत आहे.