दांडिया बाजारातला बिनकाट्यांचा निवडुंग

बडोद्याला आत्याकडे गेलं की पहिला दिवस खाण्यात आणि गप्पांत जातो. या खेपेला मात्र दांडिया बाजारातल्या वाड्यात पाऊल टाकलं आणि चहा हातात यायच्या आत आत्याने थेट चौकात नेलं. "तुला झाडांतलं कळतं ना? मग आधी ह्याचं नाव सांग. सगळ्यांना विचारून झालं."

तुळईच्या कडीला एक जुनी कुंडी टांगलेली. तिच्यातून हिरव्यागार, पानं नसलेल्या बारीक काड्यांचा झुबका थेट माझ्या खांद्यापर्यंत लोंबत होता. घरात सगळे त्याला 'शेवया' म्हणतात. शेजारचं एक कुटुंब घर बदलताना ही कुंडी आत्याकडे ठेवून गेलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. नाव त्यांनाही माहीत नव्हतं. वहिनीने फोनवरच्या अ‍ॅपला तीन फोटो दाखवले, तर अ‍ॅपने तीन वेगळी नावं दिली. त्यात नवल नाही. लांबून काढलेल्या फोटोत या झाडाचं खरं ओळखपत्र दिसतच नाही.

पिशवीतून भिंग काढलं आणि स्टूल घेऊन कुंडीखाली बसले. एकेक काडी गोल, गुळगुळीत, चार-पाच मिलिमीटर जाडीची. तिला कुठे धार नाही, कंगोरा नाही. ठरावीक अंतरावर काडीला दोन-तीन फाटे फुटतात आणि ते पुन्हा खाली झुकतात. नुसत्या डोळ्यांना काडी कोरी वाटते. पण भिंगाखाली तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसले आणि प्रत्येक ठिपक्यात जराशी पांढरी लव. हेच मी शोधत होते. वनस्पतिशास्त्रात याला अरिओल म्हणतात. निवडुंगाचे काटे, फुलं, नव्या फांद्या सगळं याच ठिपक्यातून येतं, आणि असा ठिपका निवडुंगाच्या कुळाबाहेर सापडत नाही. काटे असोत वा नसोत, अरिओल दिसला की कुळ ठरलं.

"निवडुंग? काटा कुठाय ह्याला?" काका झोपाळ्यावरून म्हणाले. त्यांची शंका रास्त होती. आपल्याकडे निवडुंग म्हणजे फड्या निवडुंग, माळरान आणि ऊन. पण याच कुळाची एक मोठी शाखा अमेरिका खंडातल्या दमट जंगलांत, झाडांच्या फांद्यांवर वाढते. तिथे पाणी हवेतून आणि पावसातून मिळतं, ऊन पानांतून गाळून येतं आणि गुरं वर पोचत नाहीत. मग यातल्या पुष्कळ जातींचे काटे अगदी बारीक उरले किंवा गेलेच.

पानं नसलेली हिरवी काडी दिसली म्हणून ती निवडुंगच, असंही नाही. आपल्या कुंपणांना लावतात तो शेर असाच पेन्सिलीसारख्या कांड्यांचा असतो आणि नर्सरीवाले तो 'पेन्सिल कॅक्टस' म्हणून विकतात, पण तो एरंडाच्या कुळातला. खडकाळ डोंगरांवर मिळणारी सोमवेल तर आत्याच्या झाडाच्या शेजारी टांगली तर चटकन वेगळी काढता येणार नाही इतकी सारखी दिसते. ती रुईच्या कुळातली. दोन्ही मोडल्या की दुधासारखा चीक येतो. शेराचा चीक डोळ्यांत गेला तर फार वाईट, म्हणून अनोळखी काडी मोडून बघायची तर चेहऱ्यापासून लांब धरून आणि नंतर हात धुऊन. आत्याच्या परवानगीने एक सुकत आलेलं टोक मोडलं. आत हिरवा, पाणीदार गर होता. चिकाचा थेंबही नाही.

दुपारी वहिनीबरोबर एका नर्सरीत गेले, कारण तिथे असंच काही बघितल्याचं तिला आठवत होतं. तिथला म्हातारा माळी मी काही विचारायच्या आत काडी हातात घेऊन म्हणाला, "आ थोर नथी, बेन. आमां दूध ज नथी." म्हणजे हा शेरासारखा चिकाचा 'थोर' नाही, यात दूधच नाही. अरिओल हा शब्द त्याने कधी ऐकला नसेल, पण वेगळं काढायची खूण त्याच्याकडे तयार होती आणि ती अचूक होती. अशा माणसांशी बोलल्याशिवाय मी कुठल्याही गावातून परत येत नाही.

त्याच नर्सरीत सिमेंटच्या खांबावर चढवलेला ड्रॅगन फ्रूटचा वेल होता. तीनधारी खोड आणि आधाराला धरून ठेवणारी मुळं. गुजरात सरकारने २०२१ च्या जानेवारीत या फळाचं नाव 'कमलम्' ठेवलं, त्यामुळे इथे दोन्ही नावं चालतात. हाही त्या दमट जंगलांतल्या निवडुंगांचाच भाऊबंद. आणि घराघरांत रात्री फुलणारं जे 'ब्रह्मकमळ' म्हणतात, तेही त्याच गोतातलं. हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं, ते सूर्यफुलाच्या कुळातलं. म्हणजे आत्याच्या गच्चीत ब्रह्मकमळ, चौकात शेवया, आणि हे सगळे मूळचे अमेरिकेतले झाडांवर राहणारे निवडुंग!

संध्याकाळी कमाटी बागेत गेलो. १८७९ साली खुली झालेली ही बाग विश्वामित्रीच्या काठावर आहे. बाग बघायला लोक येतात ते फुलांचं घड्याळ, संग्रहालय आणि प्राणी यांसाठी. मी वहिनीला घेऊन आंब्याखाली उभी राहिले. तिला अपिवनस्पती आणि परजीवी यांतला फरक दाखवायचा होता, कारण "झाडावर वाढतं म्हणजे बांडगूळच ना ते?" असं तिने सकाळपासून दोनदा विचारलं होतं.

वर एका फांदीवर बांडगूळ होतंच. जाड पानं, नळीसारखी फुलं आणि जिथे ते फांदीला चिकटतं तिथे फांदी गाठाळून सुजलेली. बांडगूळ आंब्याच्या लाकडात मुळं घुसवून त्याचं पाणी ओढतं. अपिवनस्पती तसं करत नाही. तिला झाड हवं ते फक्त बसायला. सालीवर साठलेला पालापाचोळा, पावसाचं पाणी, हवेतला दमटपणा यांवर ती जगते. झाडाचं काही घेत नाही. आपल्याकडे आंब्यावर वाढणारी रास्ना, म्हणजे निळसर-तपकिरी फुलांचं ऑर्किड, तशीच. पुष्कळ ठिकाणी झाडं 'स्वच्छ' करताना बांडगुळाबरोबर रास्नाही खरवडून टाकतात. ते पाहून मला दर वेळी वाईट वाटतं.

वहिनीचा गोंधळ मात्र फार जुन्या आणि मोठ्या लोकांच्या पंक्तीतला आहे. आत्याकडच्या झाडाच्या जातीला अठराव्या शतकात पहिलं शास्त्रीय नाव मिळालं तेव्हा ती 'कॅसिथा' या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, घातली गेली, अमरवेलीसारख्या एका परजीवी वेलीच्या घरात. बिनपानांच्या काड्या, लहान गोल फळं. निवडुंग कोणाच्या मनात येणार? ही जात आज जिच्यात मोडते ती रिप्सॅलिस ही प्रजाती वनस्पतिशास्त्रज्ञ गेर्टनर यांनी १७८८ मध्ये मांडली आणि आज वापरतात ते नाव, रिप्सॅलिस बॅक्सिफेरा, स्टर्न यांनी १९३९ मध्ये रूढ केलं.

पण आत्याचं झाड बॅक्सिफेराच कशावरून? रिप्सॅलिसच्या तीसहून अधिक जाती आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात पुन्हा स्टुलावर बसले. काडीच्या टोकाला आखूड, कोनदार तुकड्यांचे गुच्छ असते तर ती सेरेउस्क्युला. काड्या याहून बारीक आणि दाट आखूड फाट्यांच्या असत्या तर कॅपिलिफॉर्मिस. काडीवर आणि फळावर केस असते तर पिलोकार्पा. बाटलीच्या आकाराची कांडी आणि टोकाला पिवळी फुलं असती तर रिप्सॅलिसच नाही, ती हॅटिओरा. इथे काड्या लांब, गोल, कोऱ्या. आणि आतल्या बाजूला, भिंतीकडे, चक्क फळं होती. काडीच्या कडेने, अरिओलला चिकटून बसलेली, सहा-सात मिलिमीटरची, पांढरी आणि इतकी नितळ की आतल्या काळ्या बिया बाहेरून मोजता याव्यात. दोन उशिराची फुलंही सापडली, फिक्या पांढऱ्या चार-पाच पाकळ्यांची, फळाहून जराशीच मोठी. गोल गुळगुळीत काडी, कडेला आलेलं चिमुकलं फूल, पांढरं नितळ फळ. तिन्ही एका झाडावर मिळाली, तेव्हा मी आत्याला नाव सांगितलं.

एक फळ चिरून बोटांत धरलं. गर चिकट, बी बोटाला धरून बसतं. या चिकटपणात या जातीची सगळ्यात मोठी गोष्ट आहे. निवडुंग कुळात दीड हजारांहून जास्त जाती, आणि त्यांपैकी माणसाने न नेता अमेरिकेबाहेर रानात आढळणारी ही एकच मानली जाते. आफ्रिकेच्या जंगलांत, मादागास्करमध्ये, आणि आपल्या शेजारी श्रीलंकेत ती झाडांवर लोंबते. समुद्र ओलांडून ती कशी आली यावर अभ्यासकांचे वाद आहेत. पाखरांनी बी आणलं, असं अनेकांचं मत. जुन्या काळच्या जहाजांबरोबर आली, असंही काहींना वाटतं. आफ्रिकेतल्या झाडांत गुणसूत्रांचे संच अमेरिकेतल्यांपेक्षा जास्त आढळतात, त्यामुळे ती तिथे बऱ्याच काळापासून असावी, हे मला जास्त पटतं. काका झोपाळा थांबवून हे ऐकत होते. "श्रीलंकेत? रामायणातल्या?" त्यांनी विचारलं आणि मग स्वतःच भिंग मागून घेतलं.

नाव कळल्याचा लगेच उपयोगही झाला. 'निवडुंग आहे' एवढं ऐकूनच वहिनीने कुंडी गच्चीत उन्हात हलवायचं ठरवलं होतं. बडोद्याच्या मे महिन्यात ती झाडी आठवड्यात करपली असती. चौकातला गाळीव उजेडच तिला हवा. मातीऐवजी नारळाचा काथ्या, सालीचे तुकडे आणि पालापाचोळ्याचं खत यांचं भुसभुशीत मिश्रण, वरची माती सुकू लागली की पाणी, उन्हाळ्यात काड्यांवर फवारा, आणि कुंडीत पाणी साचू द्यायचं नाही. वहिनीने फोनमध्ये टिपून घेतलं आणि त्याच दुपारी जुनी चिकणमाती काढून कुंडी नव्याने भरली. मुळं बघितली तर वरच्या चार बोटांतच पसरलेली. खालचा सगळा गाळ नुसता ओला गोळा होऊन बसला होता.

निघताना आत्याने वर्तमानपत्रात गुंडाळून चार काड्या दिल्या, लीलो चेवड्याच्या पाकिटाशेजारी. कापलेलं टोक दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्यायचं आणि मग ओलसर काथ्यात खोचायचं. माझ्या पुण्याच्या बाल्कनीत उत्तरेचा उजेड आहे, तिथे ती लागेल. त्यांतली एक काडी फळासकट आहे. तिच्या बिया वेगळ्या पेरणार आहे, कारण बियांपासून उगवलेल्या कोवळ्या रोपांना सुरुवातीला बारीक केसाळ काटे असतात आणि ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचे आहेत.