मंगळवेढ्याचा शाळू, मुळासकट

फेब्रुवारीच्या अखेरीस पंढरपूरहून मंगळवेढ्याची एसटी धरली ती भाकरीच्या लोभानं. हुरडा तर हुकलाच होता. आगट्या केव्हाच विझल्या होत्या आणि रानोमाळ काढणी चालली होती.

इथली काळी किती खोल आहे ते भेगांवरून कळतं. एका भेगेत माझं पेन गेलं ते गेलंच. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरलेला शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, असल्या रानात साठलेल्या ओलीवर वाढतो. वरून पाऊस आलाच तर बोनस.

शाळू कापत असतील अशी माझी समजूत. इथं तो हातानं उपटतात, मुळासकट. मीही कंबर कसली. दहा-बारा ताटं उपटेतो तळहाताला फोड आले आणि बायकांची पात बांधापर्यंत पोचलीसुद्धा. मला कुणी हसलं नाही, हे जास्त लागलं.

"बुडखा रानात कशाला ठेवायचा? त्योबी कडबाच की," रानाचे मालक म्हणाले. मी त्यांना मामा म्हणत होतो.

"मामा, संकरित का नाही लावत? दाणा जास्त पडतो म्हणे."

"दाणा आपण खाऊ. म्हशीला काय घालू?"

मालदांडी हा इथला शाळूचा वाण. तिचं सगळं गणित या एका प्रश्नात आहे. उंच ताट, गोडसर कडबा आणि वर मोत्यासारखा दाणा. तिची 35-1 ही निवड 1930च्या दशकात जवळच मोहोळच्या संशोधन केंद्रावर झाली. अजून ती रानातून हललेली नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. मामांच्या बोलण्यात ते एकदाही आलं नाही. कडब्याचा शेकड्याचा भाव तीनदा आला.

दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची कोठारं लोकांसाठी उघडली ती याच गावात, असं सांगतात. देवळात जाऊन आलो तेव्हा मामा म्हणाले, "माणसाला दामाजी भेटला. गुरांना छावणी." 2012-13च्या दुष्काळात ते म्हशींबरोबर चारा छावणीतच मुक्कामाला होते.

दुपारी मामींनी चुलीवरची भाकरी वाढली, सोबत शेंगादाण्याची चटणी. पापुद्रा असा सुटला की मी तिसरी मागून घेतली.

निघताना दहा किलो ज्वारी विकत मागितली. लगेच मापून दिली. कडब्याची गंज खळ्याकडेला रचलेली होती. गंमत म्हणून विचारलं, "आणि ही केवढ्याला?"

मामांनी म्हशींकडे पाहिलं. "पाऊस पडू द्या. मग बघू."