सड्यावरची घागरी परसात फुलवताना

उटीला ब्रूमची झुडपं पाहिली, तेव्हापासून तो पिवळा रंग डोळ्यांसमोरून हलत नव्हता. तरी ते रोप गोव्यात, आमच्या डिचोलीत आणायचं नाही, हे मी लगेच ठरवलं. ब्रूम मूळचं युरोपातलं, थंडी मागणारं. मुळाशी पाणी साचलेलं त्याला खपत नाही आणि आमच्याकडे वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस. शिवाय इंग्रजांच्या काळात निलगिरीत शोभेसाठी आलेलं हेच झुडूप आता तिथल्या गवताळ माळांवर पसरत चाललंय. त्याचं बी मातीत कित्येक वर्षं तग धरतं. अशी पाहुणी आपल्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या माळावर, नकोच.

त्याच कुळातली आपली घागरी आहे की! खुळखुळ्याची जात, क्रोटालेरिया रेटुसा. कमरेइतकी उंच, टोकाला किंचित खाच असलेली पानं, आणि पिवळ्याधमक फुलांचे उभे तुरे. शेजारच्या काकी म्हणाल्या, "अगो, रानातलं झाड ते, त्याला कसली निगा?" निगा फारशी लागत नाही हे खरं, पण सुरुवात नीट करावी लागते.

थंडीत शेंगा काळ्या पडून आत बिया खुळखुळू लागल्या, की त्या गोळा करायच्या. एका जागच्या सगळ्या ओरबाडू नयेत. बियांचं कवच इतकं टणक असतं की नुसतं पेरलं तर थोड्याच बिया वेळेवर रुजतात. मी दोन सँडपेपरांच्या मध्ये बी ठेवून, वरची चकाकी जाईपर्यंत हलक्या हाताने घासलं आणि रात्रभर कोमट पाण्यात भिजवलं. सकाळी जे फुगलं ते पेरायला घेतलं. जे तसंच राहिलं ते पुन्हा घासलं.

जागा निवडली दिवसभर उन्हाची. लाल माती, वाळू आणि चिऱ्यांचा बारीक चुरा मिसळून उंचवटा केला, म्हणजे आषाढातलं पाणी थांबणार नाही. शेण घातलं नाही. त्याऐवजी घागरी वाढते तिथलीच ओंजळभर माती आणून मिसळली, कारण या झाडाच्या मुळांवर गाठी धरतात आणि त्यांतले जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला मिळवून देतात. पुढे विरळणी करताना उपटलेल्या रोपाची गाठ नखाने फोडून पाहिली, आत गुलाबी होती. गुलाबी म्हणजे काम चालू आहे. फार बरं वाटलं.

बी थेट जागेवरच टोचावं. सोटमूळ खोल जातं, रोप हलवलेलं त्याला सोसत नाही. अर्धं बी मृगाच्या पावसावर पेरलं, अर्धं नारळी पौर्णिमेनंतर. पहिली रोपं उंच झाली, पण जुलैच्या झोडीत आडवी पडत होती, त्यांना काठ्यांचा आधार द्यावा लागला. मागची बुटकी राहिली आणि ताठ उभी राहिली. माझं मत मागच्या पेरणीच्या बाजूने आहे. रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा. जितक्या फांद्या तितके तुरे.

फुलं आली आणि परसाचं रूपच पालटलं. काळे भुंगे फुलावर बसले की त्यांच्या भाराने पाकळ्यांच्या टोकातून पराग बाहेर येतो, ते बघत मी कितीतरी वेळ उभी राहायचे. ब्लू टायगर, स्ट्राइप्ड टायगर ही फुलपाखरं मात्र सुकलेल्या काड्यांवर येऊन बसतात. नर त्यातली अल्कलॉइडं नावाची रसायनं शोषून घेतात आणि मादीला भुलवणारा गंध त्यापासून तयार करतात. म्हणून वाळलेल्या फांद्या मी लगेच कापत नाही. शेंगा पोखरणाऱ्या अळ्या येतात, त्या हाताने वेचते. कीटकनाशक अजिबात नाही.

हीच अल्कलॉइडं गुरांच्या आणि माणसांच्या यकृताला घातक असतात, हे लावणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवायला हवं. बिया लहान मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नयेत. खुळखुळणाऱ्या शेंगांचा मुलांना मोह पडतो, तेव्हा आधीच समजावून सांगितलेलं बरं. आमच्याकडे घागरी कुंपणाच्या आतच आहे. रस्त्याकडेला लावा असं काकींनी सुचवलं होतं, पण तिथं वाड्यावरची गुरं चरतात, म्हणून मी त्यांना नाही म्हटलं आणि त्यांच्याच परसात, आतल्या बाजूला, एक उंचवटा करून दिला.