बाष्प असूनही पाऊस का पडत नाही?

दर दुष्काळात ‘मराठवाड्याचे वाळवंट होणार’ हे वाक्य ऐकू येते. त्यामागची काळजी मला पटते, परंतु ते बोलताना वाळवंट जमिनीवर तयार होते असे आपण गृहीत धरतो. पाऊस कमी असण्याचे मूळ कारण बहुतेक ठिकाणी आकाशात असते.

पाणी जवळ असले म्हणजे पाऊस पडतो असे नाही. आमचे एक मेहुणे दुबईला असतात. जुलैमध्ये वातानुकूलित खोलीतून बाहेर पाऊल टाकताच त्यांच्या चष्म्याच्या काचांवर पाणी जमते, इतकी तिथली हवा दमट असते. दुबई ज्या इराणच्या आखातावर आहे, त्याच्याच काठावरील सौदी अरेबियातील दहरान येथे 8 जुलै 2003 रोजी दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते ते तापमान, 35 अंश सेल्सिअस नोंदला गेला. तरीही त्या महिन्यात तिथे पाऊस जवळजवळ नसतोच, कारण बाष्पाचा ढग होण्यासाठी हवा वर चढून थंड व्हावी लागते आणि तिथे हवा वरून खाली उतरत असते.

विषुववृत्तावर तापलेली हवा वर जाते, आपले बहुतेक पाणी तिथेच पावसाच्या रूपाने टाकते आणि उंचावरून दोन्ही ध्रुवांच्या दिशेने सरकत साधारण 30 अक्षांशांच्या आसपास खाली येते. उतरताना ती दाबली जाऊन दर किलोमीटरला सुमारे 10 अंशांनी तापते, त्यामुळे तिच्यातील उरलेसुरले ढगही विरतात. सहारा, अरबस्तान, कलहारी आणि ऑस्ट्रेलियाचा मध्यभाग हे सारे या उतरत्या हवेच्या पट्ट्यांत येतात.

चिलीमधील अटाकामात याच्या जोडीला पूर्वेकडे अँडीज पर्वताची भिंत आणि पश्चिमेकडे हम्बोल्ट हा थंड सागरी प्रवाह आहे. प्रवाहामुळे खालची हवा थंड व जड राहते, म्हणून धुके दाटते, पण पाऊस होत नाही. तिथल्या अरिका शहरात ऑक्टोबर 1903 पासून जानेवारी 1918 पर्यंत पावसाची नोंदच नाही. थरमध्ये अरवलीची रांग नैऋत्य वाऱ्यांना आडवी नसून समांतर आहे, त्यामुळे अरबी समुद्रावरून आलेली हवा तिच्यावर चढतच नाही.

आपला सह्याद्री मात्र आडवा आहे. महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि घाट ओलांडून उतरणारी हवा बीड जिल्ह्यातील आष्टी-पाटोद्याकडे कोरडी होत येते. तरीही मराठवाड्याची वार्षिक सरासरी सुमारे 700 मिलिमीटर आहे, तर वाळवंटाची ढोबळ मर्यादा 250 मानतात. हा फरक मुख्यतः बंगालच्या उपसागरातून येणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे पडतो, कारण ती इथली हवा पुन्हा वर उचलतात. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या टंचाईत पावसाच्या तुटीइतकाच आपल्या उपशाचाही वाटा होता, असे माझे मत आहे.