पत्र्याखालचा मे महिना

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घराच्या ओसरीवर आम्ही चोक आणि ट्यूबलाइटच्या पट्ट्या दुरुस्त करायचो. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, म्हणजे जीआयडीसीत, गाळा घेतला तेव्हा सीएफएल आटोपत आलं होतं आणि जो उठेल तो एलईडी जोडत होता. आम्हीही त्यातलेच.

पहिली मोठी ऑर्डर एका फाउंड्रीची, १५० वॉटचे ४० हायबे, म्हणजे उंच शेडच्या छताला टांगायचे दिवे. गाळ्यात पंख्याखाली तीन दिवस सतत पेटते ठेवून पाहिले, सगळे ठणठणीत. दिवाळीनंतर शेडमध्ये चढवले. मे महिन्यात शेठचा फोन, "भाई, तमारी लाइटो आंख मारे छे." अकरा तर बंदच पडले होते.

शिडीवर चढून तापमापकाची तार पत्र्याखाली धरली. ५८ अंश! खाली जमिनीवर ४३. आमचं गणित ३५ धरून मांडलेलं. जुन्या बल्बची बरीच उष्णता उजेडाबरोबरच पुढे निघून जायची. एलईडीची मागच्या धातूतून काढावी लागते, आणि १५० वॉटमधले १००च्या आसपास उष्णतेतच जातात. आमचा हीट सिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा तो मागचा धातू, उष्णतेच्या वॉटमागे अर्धा अंश तापायचा. म्हणजे ५० अंश. ते ५८मध्ये मिळवा. चिप त्याहून गरम. तरी चिपा तगल्या होत्या, मेले ते ड्रायव्हर, चिपांना नेमकी वीज पुरवणारे. आम्ही हौसेने ते हीट सिंकच्याच पाठीला चिकटवले होते. त्यांच्यातले १०५ अंश छापलेले कपॅसिटर टम्म फुगलेले. १० अंश वाढले की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हे तेव्हा कोणाला ठाऊक!

एक दिवा उघडला, तर चिप आणि हीट सिंकमधली थर्मल पेस्ट पुरीवर श्रीखंड थापावं तशी. पोरांना वाटलेलं, जास्त लावली की जास्त थंड. पेस्ट फक्त दोन पृष्ठभागांमधल्या बारीक फटी भरायला असते. जाड थर उलट उष्णता अडवतो. आता जाळीच्या साच्यातून ओढतो.

चाळीसही फुकट बदलून दिले. ड्रायव्हर वेगळ्या पट्टीवर गेला, हीट सिंकच्या फिन, म्हणजे पात्या, मोठ्या आणि उभ्या झाल्या, वजन वाढलं, भाव वाढला, दोन गिऱ्हाइकं गेली. नवीन माल आता ६० अंशांच्या बंद पत्र्याच्या पेटीत रात्रभर जळतो. आई म्हणते, हिच्यात पापड वाळवू का?

धुळीशी मात्र अजून झगडा चालूच आहे. फिनांमध्ये काळी माती बसली की सगळं मुसळ केरात. "दर दोन महिन्यांनी साफ करा" असं बिलावर छापतो. कोणी करत नाही. शेवटी आमचाच पोरगा ब्लोअर घेऊन जातो.