कंडक्टरच्या पोरीची कार्तिकी

आमच्या गावची दिंडी कार्तिकीची. आषाढीला आमच्या बेळगाव भागात भाताची रोपलावण चालू असते, पाऊस तर विचारूच नका, त्यामुळं तेव्हा घरातनं कोण हलत नाही. तसं कार्तिकीलाही भात कापणीला आलेलं असतंय, पण कापणी चार दिवस मागंपुढं झाली तर चालते, लावण थांबत नाही, असा आमच्या आप्पांचा हिशोब. दिवाळीचा पाडवा झाला की निघायचं आणि दशमीला पंढरपुरात पोचायचं. काकती, वंटमुरीचा घाट, हत्तरगी, संकेश्वर, चिकोडी, मग अंकलीला कृष्णा ओलांडायची, पुढं कागवाड, म्हैसाळ, मिरज, आणि तिथनं कवठेमहांकाळ, सांगोला करत पंढरपूर. अडीचशे किलोमीटरच्या आसपास होतंय.

ही नावं मला लहानपणापासनं पाठ, पण चालून नव्हे. आप्पा सरकारी बसवर कंडक्टर होते. ड्युटी करून रात्री घरी आले की जेवताना आम्ही दोघं भाऊबहीण त्यांना स्टेज विचारायचो, आणि ते भाकरी मोडता मोडता एकामागनं एक स्टॉप आणि त्याचं भाडं धडाधड म्हणून दाखवायचे. मराठी माणसाशी मराठी, कानडी माणसाशी कानडी, मिरजेच्या गाडीवर असले की हिंदी. सुट्टे नसले की तिकिटाच्या मागं बाकी लिहून द्यायचे आणि उतरताना ती बाकी माणसाला आठवण करून देणारे कंडक्टर तेवढेच, असं डेपोत म्हणायचे म्हणे. वर्षभर लग्नाकार्याला रजा काढायचे नाहीत, सगळी कार्तिकीसाठी राखून ठेवलेली. आई चिडायची, माझ्या भावाच्या लग्नाला मिळाली नाही ती रजा आता बरी मिळाली!

त्यांचं आणखी एक काम होतं, त्याचा पगार नव्हता. कागद वाचणं. हे बाहेरच्या माणसाला पटकन कळायचं नाही. १९५६ ला राज्यांची रेघ मारली गेली आणि आमचा भाग आताच्या कर्नाटकात गेला. आमच्याकडं घरात मराठी, शाळा मराठी, भजन मराठी आणि सरकारी कागद कानडी. पहाणी म्हणजे जमिनीचा उतारा कानडी, रेशनकार्ड कानडी, नाडकचेरीतनं, म्हणजे महसूल ऑफिसातनं, येणारी नोटीस कानडी. चूक कुणाची हा वाद मी इथं काढत नाही, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. पण ज्या म्हाताऱ्या बायकांची शाळा मराठी दुसरी-चौथीत सुटली त्यांनी ते कसं वाचायचं? मग संध्याकाळी आमच्या कट्ट्यावर कोण ना कोण तरी साखरेच्या प्लॅस्टिक पिशवीत कागद गुंडाळून बसलेलं असायचंच, आणि आप्पा खाकी शर्ट न काढताच, आधी चहा दे गं त्यांना असं आत ओरडून, चष्मा पुसायला घ्यायचे.

आप्पा गेले ते ऐन श्रावणात. रात्री छातीत दुखतंय म्हणाले, गाडी करून बेळगावला न्यायच्या आत सगळं संपलं. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. त्या रात्रीचं मी सांगत बसत नाही. पुढचं मात्र सांगायला पाहिजे. दिवसकार्य झाल्यावर फंडाचे आणि भावाच्या अनुकंपा नोकरीचे अर्ज करायचे होते, सगळे फॉर्म कानडी. मी दहावीपर्यंत शाळेत कानडी घेतलेली, पास पण झालेली, बाजारात बोलून घेत होते, पण तो ऑफिसचा फॉर्म पुढ्यात आला आणि पहिली ओळ सोडली तर मला काही लागेना. गावातल्या निम्म्या घरांचे कागद ज्या माणसानं फुकट भरले त्याच्या नावाचा फॉर्म ऑफिसबाहेर झाडाखाली टेबल टाकून बसलेल्या एकानं पैसे घेऊन भरला, त्यातही आईचं नाव चुकवलं, ते दुरुस्त करायला परत हेलपाटे. आप्पा गेल्यावर माणसांसमोर मी रडले नव्हते, त्या दिवशी भर बसस्टँडवर रडले. कॉलेजला जाणंही बंद केलं, कुणी बंद कर म्हणालं नव्हतं, मीच.

त्या वर्षी आमच्यात दिवाळी नव्हती. भावकीतली माणसं फराळाचे डबे आणून देत होती आणि ते तसेच पडून होते. पाडव्याच्या आदल्या दिवशी दिंडीचे वीणेकरी तात्या घरी आले, पाणी प्याले आणि सरळ मला म्हणाले, "पोरी, तुझ्या बापाची जागा मोकळी ठेवून चालायचं काय आम्ही?" आईचं म्हणणं, वर्ष झालं नाही अजून, असं कसं पाठवू. तात्या म्हणाले, "वैनी, सणाला सुतक. वारीला कसलं आलंय सुतक?" आई काही बोलली नाही, उठून आत गेली आणि खुंटीवरचे टाळ घेऊन आली. शेजारच्या काकूंचं वेगळंच, "आता बायकांना बस फुकट आहे की गं, कागवाडपर्यंत बसून जा, तिथनं चाल!" ११ जून २०२३ पासनं कर्नाटकात बायकांना सरकारी बसचा प्रवास मोफत आहे, कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट देतो, आणि आप्पा गमतीनं म्हणायचे की आयुष्यभर माझी पिशवी पैशानं जड व्हायची, आता नुसतं तिकीट फाडून हात दुखतोय.

चालण्याचं म्हणाल तर पहिले दोन दिवस नुसतं अंग. टाचेला फोड, मांड्या भरलेल्या, वंटमुरी घाटात तर देव वगैरे काही आठवत नव्हतं, फक्त पुढच्या मावशीच्या डोक्यावरची तुळस हलताना दिसत होती. हायवेला बाजूनं कंटेनर अंगावर येतायत. पुढं आतल्या रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर, कारखान्यांचा सीझन नुकताच चालू झालेला, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या आणि वर टेप फुल्ल, चोपदार शिट्टी मारून सगळ्यांना कडेला घेतायत. वाटेत पाया पडणं असतं, तुम्हाला माहीत असेल, वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, वयाचा संबंध नाही. सत्तरी गाठलेली माणसं माझ्या पायाला हात लावून माऊली म्हणायची आणि मला जमिनीत जावंसं वाटायचं.

आणि प्रत्येक गावात कोण ना कोण विचारणार, कंडक्टर आले नाहीत काय यंदा? हत्तरगीजवळ एका चहावाल्यानं विचारलं, मी सांगितलं, तर त्यानं गॅस बंद केला, बाहेर येऊन उभा राहिला आणि अख्ख्या दिंडीचा चहा झाला तरी पैसे घेतले नाहीत.

तिथल्याच मुक्कामाला ते झालं. हरिपाठ झाला, जेवणं झाली, आणि आमच्याच दिंडीतली एक आज्जी माझ्याजवळ सरकून आली. कमरेच्या पिशवीतनं चार घड्या घातलेला कागद काढला. "कंडक्टरची पोरगी न्हवं तू? हे वाच की जरा." कानडी कागद. मी बॅटरीच्या उजेडात बघितलं, तारीख कळली, आज्जीचं नाव कळलं, बाकी काही नाही. म्हटलं, "आज्जी, मला नाही येत." आज्जी म्हणाली, "येत नाही म्हणजे? बाप तर भडाभडा वाचायचा." कागद परत घडी घालून पिशवीत ठेवला, राग वगैरे काही नाही, आडवी झाली आणि पांघरुणातनंच म्हणाली, "मग शिकून घे की, बापाचं काम काय त्याच्याबरोबर जाळलंस?" मला त्या रात्री झोप लागली नाही. एवढं तोडून घरातलं कुणी बोललं नव्हतं.

संकेश्वरला हुक्केरी भागातले काही वारकरी आम्हाला येऊन मिळाले, सगळे कानडी. त्यात एक रिटायर मास्तर होते, धोतर, हातात छत्री, बगलेत एक वही. ती वही मी नंतर हातात घेऊन बघितली. निळ्या शाईत पानंच्या पानं हरिपाठ लिहिलेला, शब्द सगळे मराठी आणि अक्षरं सगळी कानडी, जिथं सूर वर न्यायचा तिथं लाल पेननं खूण. चाळीस वर्षांच्या घडीनं पानं मधे फाटलेली, त्याला सेलोटेप. त्यांना मराठी पाठ होती पण देवनागरी वाचायला अडखळायचे. आज्जीचा कागद त्यांना दाखवला. त्यांनी वाचला, पण मला अर्थ सांगितला नाही! म्हणाले, चिकोडीपर्यंत तूच वाचून सांगशील.

मग काय, रस्ताभर माझी शाळा. सोसायटीचा बोर्ड आला की छत्रीचं टोक वर, "ओदवा!" म्हणजे वाच बाई. शाळेचा बोर्ड, ओदवा. किलोमीटरचा दगड, ओदवा. एका सहकारी संघाच्या भिंतीवर खताच्या कर्जाची नोटीस चिकटवलेली होती, ती पूर्ण वाचल्याशिवाय त्यांनी मला पुढं जाऊ दिलं नाही, दिंडी अर्धा किलोमीटर पुढं गेली, नंतर आम्ही दोघं पळत. मागनं टाळ चुकतोय म्हणून तात्या ओरडायचे ते वेगळंच. पण खरं सांगू, अक्षरं एकदा डोळ्यात बसली की ऑफिसच्या कानडीत अर्ज, सही, दिनांक, वारस असे कितीतरी शब्द ओळखीचेच निघतात, भीती तेवढी मधे असते. दुपारी कुठल्या तरी लिंगायत वाड्यात जेवण, दारातच बायका उभ्या, "ऊटा माडकोंड होगरी", म्हणजे जेवून जावा, कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि गरम गव्हाची हुग्गी म्हणजे खीर, आणि पत्रावळीशेजारी माझा तो कागद.

चिकोडीच्या अलीकडं मी तो वाचला. आज्जीची संध्या सुरक्षा पेन्शन, ६५ च्या पुढच्यांना मिळते ती, बंद झालेली कारण पासबुकात नाव पार्वती आणि रेशनकार्डावर पारव्वा. दोन कागदांवर दोन बायका झाल्या होत्या. तेवढंच. त्यासाठी ती चार महिने तो कागद कमरेला बांधून फिरत होती.

कागवाड सोडून महाराष्ट्रात, म्हैसाळात पाय ठेवला आणि मजा सुरू झाली. बोर्ड मराठी! आज्जी चौथी पास. ती एकदम मोठ्यानं वाचायला लागली, जे दिसेल ते. "म्है-साळ. येथे चहा नाष्टा मिळेल. पंक्चर काढून मिळेल. उधारी बंद आहे." पोरं हसतायत, ती थांबेना. आणि मास्तर गप्प. एका फ्लेक्सपुढं ते थांबले, डोळे बारीक केले आणि आज्जीला विचारलं, "आज्जी, एन बर्दाद?" काय लिहिलंय? आज्जीनं पदर सारखा केला, दोन पावलं पुढं गेली आणि एकेका अक्षरावर बोट फिरवत रिटायर मास्तरला वाचून दाखवलं. मिरजेपर्यंत मग ती पुढं आणि ते तिच्यामागनं वही उघडून. आप्पा कट्ट्यावर लोकांना आधी चहा का द्यायचे, मग कागद का मागायचे, हे मला त्या दोघांच्या मागनं चालताना कळलं. मदत मागायला आलेलं माणूस पडून आलेलं असतं, त्याला आधी सरळ बसवायला लागतं.

पंढरपूरचं मी काय सांगू, सगळे सांगतातच. पदस्पर्शाची बारी लांबच लांब, आमच्यातल्या बऱ्याच जणांनी कळसाचं दर्शन घेतलं, नामदेव पायरीला डोकं ठेवलं, चंद्रभागेत आंघोळ, द्वादशीला पारणं सोडून गाडीनं परत. टाळ मी परत आणले, ते अजून माझ्याकडंच आहेत.

घरी आल्यावर कॉलेजला गेले, राहिलेले पेपर दिले, आता बी.एड. चालू आहे. भावाला नोकरी लागली, उशिरा का होईना. मास्तर दर आठवड्याला व्हॉट्सॲपवर कुठल्या तरी सरकारी आदेशाचा फोटो टाकतात, खाली एकच शब्द, ओदवा. आज्जीचं नाव ॲफिडेव्हिट करून एक केलं, पेन्शन उन्हाळ्यात चालू झाली, मागची बाकी काही मिळाली नाही, ती भांडायचं म्हणते, मी नको म्हणते.

आमच्या मराठी शाळेतली आठवी ते दहावीची पोरं संध्याकाळी माझ्याकडं कानडी शिकायला येतात. त्यावरनं बोलणारे बोलतात, कंडक्टरची पोरगी कानडी शिकवायला लागली, मग मराठीचं काय! मी १ नोव्हेंबरला, कर्नाटकच्या स्थापनेच्या दिवशी आमच्याकडची मराठी माणसं काळा दिन पाळतात तेव्हा, काळी फीत लावून फेरीला पण जाते आणि २ तारखेला पोरांची कानडी शुद्धलेखनं पण तपासते, मला दोन्हीत काही अडचण वाटत नाही. ज्याला कागद वाचता येतो त्याला कुणी फसवत नाही, मग तो कागद कुठल्या का भाषेतला असेना. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २,००० रुपये नावातल्या एका अक्षरापायी अडकलेल्या बायका आमच्या एका गल्लीत किती आहेत ते या कधीतरी बघायला.

दर रविवारी सकाळी विठ्ठल मंदिराच्या कट्ट्यावर मी बसते, आमच्या भागातलं कुणी असेल तर या. आधार, रेशनकार्ड आणि पासबुक तिन्ही घेऊन या, झेरॉक्स दोन-दोन काढून आणा कारण गावात मशीन बंद आहे, आणि चहा आई देते, त्याला नाही म्हणायचं नाही.